व्हिओनिये लावण्याआधी

नाशिक-दिंडोरी पट्ट्यात पांढऱ्या वाइनची द्राक्षं म्हटलं की सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही दोन नावं आधी येतात. दोन्ही वाण इथं रुळले आहेत, वायनऱ्या त्यांचे करार करतात आणि बागायतदारांना त्यांच्या खोड्याही ठाऊक झाल्या आहेत. व्हिओनियेचं तसं नाही. सुलाने दिंडोरीच्या नावाने आणि ग्रोव्हरने नंदी हिल्सच्या परिसरातून या वाणाच्या वाइन बाजारात आणल्या, लोकांना त्या आवडल्या, आणि त्यामुळे ‘व्हिओनिये लावू का?’ हा प्रश्न बागायतदारांच्या बोलण्यात अधूनमधून येतो. लावायला हरकत नाही, पण थोडा लावा. आणि रोपं सांगण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: या वाणात सुगंध उशिरा येतो आणि आंबटपणा लवकर जातो. सुगंध आला आहे आणि आंबटपणा अजून टिकून आहे, असे दिवस आपल्या उन्हात फार थोडे मिळतात. जागा निवडण्यापासून तोडणीपर्यंतचं सगळं काम ते दिवस वाढवण्यासाठी करायचं असतं.

हा वाण मूळचा फ्रान्सचा. लिऑन शहराच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, ऱ्होन नदीच्या उजव्या काठी काँद्रियू नावाचं छोटं गाव आहे. नदीवरून सरळ वर चढणारे उतार, त्यांवर दगडी बांध घालून काढलेल्या अरुंद पायऱ्या, आणि पायरीवर ग्रॅनाइटचा भुगा होऊन झालेली, अभ्रक मिसळलेली पातळ माती. पाऊस ती माती खाली वाहून नेतो आणि माणसं ती पुन्हा वर आणतात. बहुतेक उतारांवर ट्रॅक्टर चालतच नाही, सगळं हाताने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीने इथल्या वेली खाल्ल्या, पहिल्या महायुद्धाने तरुण नेले, आणि पुढे ऱ्होनच्या खोऱ्यात कारखाने आल्यावर उरलेले पगारावर गेले. १९४० मध्ये काँद्रियूला स्वतःच्या नावाने वाइन विकण्याचा कायदेशीर दर्जा मिळाला, तरी ओहोटी थांबली नाही. १९६० च्या दशकात व्हिओनियेचं क्षेत्र पंधरा हेक्टरच्याही खाली आलं होतं. जगात तेव्हा हा वाण जवळपास तेवढाच उरला होता. बाकीच्या पायऱ्यांवर झुडपं माजली होती किंवा जर्दाळू आणि चेरीची झाडं उभी होती.

त्या काळात जॉर्ज व्हर्ने नावाच्या द्राक्ष उत्पादकाने शेजाऱ्यांसारखं उतार सोडून देणं नाकारलं, पायऱ्या पुन्हा बांधल्या आणि लावत राहिला. काँद्रियू टिकलं त्याचं बरंच श्रेय फ्रान्समध्ये त्याला देतात. १९८० नंतर वारं फिरलं. ऑस्ट्रेलियात यालुम्बाने १९८० मध्ये ईडन व्हॅलीत व्हिओनिये लावला, कॅलिफोर्नियात त्याच दशकात लागवडी झाल्या, आणि उष्ण, दमट उन्हाळ्याच्या व्हर्जिनिया राज्याने २०११ मध्ये त्याला आपला ओळखीचा वाण म्हणून जाहीर केलं. आज एकट्या काँद्रियूत सुमारे दोनशे हेक्टर आहेत. तिथे १९६० मध्येही द्राक्ष उत्तमच होतं. उतारावरच्या मजुरीला पुरेल एवढा माल मात्र वेल देत नव्हती आणि बाजार वाढीव भाव देत नव्हता. आपल्याकडच्या बागायतदाराने हा इतिहास वाचायचा तो या हिशोबासाठी.

रोमन सम्राट प्रोबसने हा वेल दाल्मेशियातून आणला, अशी एक कथा वाइनच्या पुस्तकांत हमखास असते. तिला पुरावा नाही. जनुकीय चाचणीत व्हिओनियेचं जवळचं नातं मोंद्यूज ब्लांश या आल्प्सच्या पायथ्याच्या वाणाशी निघालं, आणि तोच वाण सिराचा, म्हणजे आपल्या शिराझचाही पालक आहे. तेव्हा नाशिकच्या बागेत व्हिओनिये अगदीच परका नाही, त्याचा एक नातलग तिथे आधीपासून आहे.

वेलीचा स्वभाव

घड लहान ते मध्यम, मणी लहान, साल जाड, आणि पिकल्यावर रंग हिरवट न राहता गडद पिवळा. पाण्याचा ताण हा वेल बऱ्यापैकी सोसतो. डोळे लवकर फुटतात. काँद्रियूत त्यामुळे वसंतातल्या हिमाची धास्ती असते, आपल्याकडे ती नाही. आपल्याकडची अडचण फुलोऱ्यात आहे. मणी धरण्याच्या बाबतीत हा वाण बेभरवशाचा. फुलोऱ्यात गार वारा किंवा पाऊस आला की मणीगळ होते आणि घडात मोठे-बारीक मणी एकत्र दिसतात. ऑक्टोबर छाटणीचा फुलोरा नोव्हेंबरात येतो आणि अवकाळी पाऊसही हल्ली तेव्हाच हजेरी लावतो. अशा वर्षी घड विरळ दिसले तर घाबरून जीएची बाटली काढू नका. वाइनच्या द्राक्षाला मणी फुगवायचाच नसतो. सुगंधाची द्रव्यं सालीत आणि सालीलगत असतात, मणी जितका लहान तितकं सालीचं प्रमाण जास्त.

दुसरा शत्रू भुरी. या वाणाला ती लवकर लागते, आणि डिसेंबर-जानेवारीतली कोरडी, गार, मधूनच ढगाळ हवा भुरीला मानवते. सुरुवातीच्या काळात गंधक चांगलं काम करतं, पण मण्यांत पाणी उतरल्यावर ते बंद करा. सालीवर राहिलेलं गंधक रसात गेलं की आंबवताना सडक्या अंड्यासारखा वास तयार होतो. शेनिनमध्ये वाइनमेकर तो कसाबसा निस्तरेल. व्हिओनियेची सगळी किंमत वासाची आहे, तिथे तो निस्तरताना चांगला वासही जातो.

जागा, खुंट आणि रोपं

भारी काळ्या जमिनीत व्हिओनिये लावू नका. पाला माजेल, घड सावलीत राहतील आणि चव पाणचट होईल. मुरमाड, निचऱ्याची, थोड्या उताराची जमीन शोधा. शक्य असेल तर उतार पूर्वेकडे झुकलेला असावा, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं टळतं. उंची जितकी जास्त तितकं बरं, कारण रात्र गार असली की मण्यातलं मॅलिक आम्ल कमी जळतं. दिवसाच्या तापमानापेक्षा पिकण्याच्या महिन्यातल्या रात्रीच्या तापमानाची नोंद ठेवा. साधं किमान-कमाल तापमापक बागेत वर्षभर टांगून ठेवलं तर लागवडीचा निर्णय घेताना त्याचा मोठा आधार होतो.

खुंटाच्या बाबतीत खाण्याच्या द्राक्षाची सवय आड येते. डॉगरिज क्षार सोसतो म्हणून आपला विश्वासाचा, पण तो वेलीला फार जोर देतो आणि जमिनीतून पालाश भरपूर उचलतो. पालाश मण्यात गेला की रसाचा सामू चढतो आणि आंबटपणा आणखी मंदावतो. वाइनच्या बागांत ११० आर हा खुंट त्यामुळेच जास्त वापरला जातो. पाणी खारट असेल तर ११०३ पॉलसनचा विचार करता येईल. माती आणि पाण्याची तपासणी करून, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन मगच ठरवा.

काड्या शेजाऱ्याच्या बागेतून आणायचा मोह टाळा. पानं गुंडाळणाऱ्या विषाणूची लागण लाल वाणात लालभडक पानांनी उघड होते. पांढऱ्या वाणात पानं फक्त थोडी पिवळसर होतात आणि कडा वळतात, आपण ते अन्नद्रव्याची कमतरता समजून फवारण्या करत बसतो. लागण झालेली वेल साखर उशिरा भरते. म्हणजे आधीच अरुंद असलेला तोडणीचा काळ आणखी उन्हात ढकलला जातो. रोपवाटिकेला मातृवेल कुठली, क्लोन कोणता आणि विषाणू तपासणी झाली आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. फ्रान्समध्ये बराच काळ ६४२ हाच क्लोन प्रमाणित म्हणून मिळायचा. तो निरोगी आणि भरवशाचं पीक देणारा आहे, पण काँद्रियूतल्या जुन्या जाणत्यांना आपल्याच जुन्या वेलींच्या काड्या जास्त सुगंधी वाटतात. त्यांच्या मते वेल पंधरा-वीस वर्षांची झाल्याशिवाय खरी चव देत नाही. आपल्याकडे अनेक बागा त्या वयात काढून टाकल्या जातात.

छाटणी ते पाणी उतरणं

खरड छाटणी नेहमीसारखी एप्रिलमध्ये. ऱ्होनमध्ये या वाणाला काडी लांब ठेवतात. फळ छाटणीआधी डोळे तपासून घ्या आणि घड कोणत्या डोळ्यात आहे ते पाहूनच काडी ठरवा, नाहीतर सवयीने आखूड छाटाल आणि वांझ फुटी मोजत बसाल.

फळ छाटणीची तारीख हा या वाणातला सर्वांत मोठा निर्णय. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटलं तर परतीच्या पावसात डाऊनी सांभाळावी लागते. ऑक्टोबरच्या अखेरीला छाटलं तर फवारण्या वाचतात, पण द्राक्ष मार्चच्या उन्हात पिकतं आणि आंबटपणा बघता बघता जातो. छाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण चार ते साडेचार महिने धरले, तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. मग मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास रात्री अजून गार असतात आणि फेब्रुवारीच्या पूर्वार्धात तोडणी येते. डाऊनीच्या चार फवारण्या जास्त लागल्या तरी चालतील. आंबटपणा गेला तर तो फवारून परत आणता येत नाही.

पाला हाताळताना निम्मा रस्ता निवडा. घडावर थोडा प्रकाश पडला तर सुगंधी द्रव्यं वाढतात आणि भुरीही कमी लागते. सरळ दुपारचं ऊन पडलं तर साल भाजते, तपकिरी होते आणि वाइनमध्ये कडवटपणा उतरतो. व्हिओनियेला कडवटपणाची खोड मुळातच आहे. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेच्या बाजूची काढा, तीही मणी हिरवे आणि कडक असताना, म्हणजे साल उन्हाला सरावते. पश्चिमेच्या बाजूला हात लावू नका. बगलफुटी काढा, शेंडा मारा, पण घडाच्या वर पुरेशी पानं राहू द्या.

आणि पालाश. खाण्याच्या द्राक्षात पाणी उतरताना पालाशाचे डोस देणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. इथे पानदेठ परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय ते देऊ नका. एखाद्या बागेतून साखर उत्तम पण रस बेचव येत असेल, तर कारण बरेचदा खताच्या पोत्यात सापडतं. पाण्याच्या बाबतीत पाणी उतरल्यानंतर हलका ताण चांगला. पानं गळतील इतका ताण दिला तर साखर भरणंच थांबतं.

माल किती ठेवायचा? काँद्रियूत कायद्याने हेक्टरी ४१ हेक्टोलिटर वाइनची मर्यादा आहे, म्हणजे ढोबळमानाने एकरी सव्वादोन टन द्राक्षं. आपल्या दरात तेवढ्यावर कुणाचं भागणार नाही. मी एकरी तीन ते चार टनांवर थांबेन आणि जास्तीचे घड मणी हरभऱ्याएवढे असतानाच काढीन. त्यापुढे वेल साखर भरेलही, पण सुगंध येण्याआधीच ऊन तापलेलं असेल.

तोडणी

ब्रिक्स मोजायचं यंत्र खिशात असलं की माणूस तोंडाने चाखणं विसरतो. व्हिओनियेत मात्र तोंडच मुख्य. १९ ब्रिक्सला मणी खाल्ला तर गोड पाणी आणि हिरवी साल, दुसरं काही नाही. २१ लाही बहुतेक वेळा तेच. मग २२ ते २३ च्या आसपास काही दिवसांत चव अचानक बदलते. साल चावून गिळल्यावर मागे जर्दाळूची, पीचची, संत्र्याच्या फुलाची जाणीव राहू लागते आणि बी तपकिरी होऊन कुरकुरीत फुटते. हे होईपर्यंत थांबावंच लागतं. आंबा उतरवून अढीत पिकवता येतो, द्राक्ष तोडल्यावर पुढे पिकत नाही. लवकर तोडलेल्या व्हिओनियेची वाइन कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाइनसारखी लागते.

पण थांबण्यालाही मर्यादा आहे. उन्हाचा एक चटका आला की साखर दीड-दोन अंशांनी वर जाते. २४.५ ब्रिक्सच्या पुढे अल्कोहोल साडेचौदा टक्क्यांकडे सरकतं, सामू ३.७ ओलांडतो आणि वाइन तेलकट, जड, जिभेला भाजणारी होते. म्हणून १९ ब्रिक्सपासून एक दिवसाआड नमुना घ्या. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-मधले-खालचे मिळून शंभर ते दोनशे मणी घ्या, रस काढा, ब्रिक्स, सामू आणि आम्लता तिन्ही लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी वेलीवरून दहा-बारा मणी चावून चव शब्दांत लिहा. मला २३ ब्रिक्स, ३.५ च्या आसपास सामू आणि लिटरला साडेपाच ग्रॅमच्या वर आम्लता असा रस मिळाला तर मी दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं लावीन.

तिन्ही गोष्टी जुळत नसतील, आणि आपल्याकडे बरेचदा जुळत नाहीत, तर बाग दोनदा तोडा. साधारण तिसरा हिस्सा सुगंध पुरता येण्याआधी, आंबटपणासाठी. उरलेला आठवड्याभराने, सुगंधासाठी. दोन्ही वेगळे आंबवून नंतर एकत्र करता येतात. मजुरीचा फेरा वाढतो हे खरं, पण वाइनमेकरला दिलेला याहून चांगला माल मला माहीत नाही. त्याच्याशी आधी बोलून घ्या, म्हणजे टाकी मोकळी असेल.

तोडणी सूर्य वर येण्याआधी संपवा. उथळ क्रेट वापरा, ट्रॉलीत ढीग नको. मणी फुटून साल रसात उन्हात भिजत राहिली की तोच कडवटपणा येतो. वायनरीतही हेच तत्त्व: घड शक्यतो अख्खे, हलक्या दाबाने दाबायचे, रस थंड करून निवळू द्यायचा, कमी तापमानाला आंबवायचं. नव्या ओकच्या पिंपाचा वास या वाणावर सहज कुरघोडी करतो, म्हणून टाकी किंवा जुनं पीप बरं.

शिराझची बाग असलेल्यांसाठी एक वेगळी वाट आहे. काँद्रियूला लागूनच कोत-रोती हा भाग आहे. तिथल्या लाल वाइनमध्ये सिरासोबत २० टक्क्यांपर्यंत व्हिओनिये घालायला कायद्याची मुभा आहे, प्रत्यक्षात बहुतेकजण त्याच्या खूपच कमी घालतात. दोन्ही द्राक्षं एकाच टाकीत एकत्र आंबवतात. पांढरं द्राक्ष घालून लाल वाइनचा रंग फिका न होता उलट टिकतो आणि वासाला धार येते. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या क्लोनाकिलाने १९९२ पासून हेच करून नाव कमावलं. शिराझच्या प्लॉटच्या कडेला व्हिओनियेच्या चार ओळी लावल्या तर वाण समजून घेता येतो आणि पांढऱ्या वाइनला न बसणारा मालही वाया जात नाही. दोन्हींच्या तोडणीची तारीख जुळते का, हे मात्र पहिली दोन-तीन वर्षं पाहावं लागेल.

बाटली विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच: लेबलवरचं साल पाहा आणि दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या. शातो-ग्रिये हा साडेतीन हेक्टरांचा एकाच मालकाचा मळा आणि काही मोजक्या काँद्रियू सोडल्या तर ही वाइन साठवून सुधारत नाही, सुगंध उडून जातो. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फगार प्यायलात तर वास कळणार नाही. नारळाच्या रसातली सौम्य कोळंबी किंवा गोव्याचं काल्दीन यांच्यासोबत ती छान लागते. झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे जास्त अल्कोहोलची वाइन तोंड आणखी पोळवते, तिथे नको.

आता बागायतदारांना शेवटचं. रोपं सांगण्याआधी वायनरीचा करार हातात घ्या आणि त्यात दोन कलमं शोधा: तोडणीची तारीख कोण ठरवणार, आणि दर कशावर आहे. दर फक्त वजनावर आणि ब्रिक्सवर असेल तर व्हिओनिये लावू नका, शेनिन त्याहून जास्त पैसे देईल. माल कमी ठेवण्याची भरपाई दरात धरली असेल आणि वाइनमेकर फेब्रुवारीत तुमच्या बांधावर येऊन मणी चाखायला तयार असेल, तर अर्ध्या एकराने सुरुवात करा.